दाजींच्या चार पट्ट्या

आमच्या घरात फ्रिजच्या आधी कॉम्प्युटर आला. परभणीतला एक मे महिना त्या कॉम्प्युटरसोबत काढल्यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं की आधी फ्रिज घ्यायला पाहिजे होता.

विद्यापीठाचं नाव बदललं, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी बी.एस्सी. होऊन, औरंगाबादला वर्षभराचा कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी बसलो होतो. (बसलो होतो हे अगदी शब्दशः. उठून उभं राहावं असं काही घडतच नव्हतं.) अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेचे हेडमास्तर म्हणून नुकतेच रिटायर झाले होते. फंड हातात आला तेव्हा आमच्या मूळ गावच्या, पेडगावच्या सगळ्या भावकीनं सांगितलं, घरावर एक खोली चढवा. अण्णांनी खोलीऐवजी कॉम्प्युटर घेतला. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"शेत आपल्याला कुणी दिलं न्हाई. दुकान टाकलं तर गिऱ्हाईक आडनाव इचारून माघारी फिरतंय. ह्या धंद्यात अजून कुणीच न्हाई, म्हंजी आपल्याला हाकलायला बी कुणी न्हाई."

अण्णांचा हिशेब बरोबर होता. फक्त हाकलणारे इतक्या लवकर तयार होतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

मशीन बघायला गल्ली लोटली. पडद्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे खोक्याच्या तोंडावर, कारण तिथं लाल दिव्यांत चाळीस हा आकडा चमकायचा.

"चाळीस म्हंजी काय?" शेजारच्या किसनमामांनी विचारलं.

"वेग आहे मामा."

"ताशी?"

"ताशी नाही. ते मेगाहर्ट्झ असतं."

"आमची लुना बी चाळीसनं पळती," मामा म्हणाले, "आन् तिच्यामागं बायकू बी बसती."

मी मशीनवर फडकं टाकलं.

नोकरीची गोष्ट निघाली ती ताडकळसहून. तिथं एका संस्थेची शाळा होती. शाळेत कॉम्प्युटर शिकवायला मास्तर घ्यायचा असं संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं होतं. अख्ख्या पूर्णा तालुक्यात तोवर असली जागा निघाली नव्हती. अण्णांनी मला धुतलेला शर्ट घालायला लावला आणि आम्ही दोघं एसटीनं अध्यक्षांच्या घरी गेलो. अध्यक्षांनी माझे कागद पाहिले, गुण पाहिले, मग अगदी वरच्या कोपऱ्यातलं आडनाव पाहिलं आणि कागद घडी करून अण्णांच्या हातात दिले.

"मास्तर, पोरगं हुशार हाय, मला दिसायलंय. पर सध्या वातावरण कसलं हाय तुमी बघायलात. तुमच्या पोराला घेतलं तर आमची माणसं बोलणार, न्हाई घेतलं तर तुमची माणसं बोलणार. आन् माझा भाचा बी नांदेडहून कॉम्प्युटर शिकून आलाय. तवा मी काय म्हणतो, दोघांच्या मशिनी शाळंत आणा. दहावीच्या सगळ्या जुन्या पोरांचे गुण मी फ्लॉपीत भरून ठिवतो. जो आधी निकाल लावून छापून दील, जागा त्येची. आमच्यात भेदभाव न्हाई."

एवढं बोलेपर्यंत त्यांनी आम्हाला पाणी विचारलं नव्हतं. विसरले असतील, असं अण्णा बाहेर आल्यावर म्हणाले. अण्णा प्रत्येक घरातून बाहेर आल्यावर असंच म्हणत.

तर अशी शर्यत ठरली. बाजाराच्या दिवशी, शाळेच्या हॉलमध्ये, गावासमोर. आजवर बैलांच्या शर्यती झाल्या, कुस्त्या झाल्या, भजनाची डबल बारी झाली. पण दोन कॉम्प्युटर एकमेकांवर सोडायची कल्पना त्या अध्यक्षांचीच.

आता मेमरीचं सांगायला हवं. आमच्या मशीनमध्ये मेमरीच्या चार पट्ट्या होत्या. हिरव्या, बोटाएवढ्या लांब, त्यांवर काळ्या चिप चिकटवलेल्या. शेजारी अजून चार पट्ट्या बसतील एवढी जागा रिकामी होती. निकालाचा पसारा मोठा असणार, मेमरी दुप्पट केली तर बरं पडेल, असं मी जेवताना बोलून गेलो. जेवायला दाजी होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शोभाचे यजमान. पूर्णेला रेल्वेत फिटर. माणूस मनानं मोठा आणि मानानं त्याहून मोठा. लग्नात त्यांच्या चुलत्याला टॉवेल-टोपी द्यायची आमच्याकडून राहून गेली होती. त्या एका टोपीपायी शोभा अख्खा पावसाळा माहेरी राहिली. अण्णांनी पूर्णेला किती खेपा घातल्या आणि किती टोप्या नेल्या ते त्यांनाच माहीत. तेव्हापासून आमच्या घरात दाजींपुढं भाजीत मीठ कमी आहे असंसुद्धा कुणी म्हणत नसे, कारण मिठाची बरणी दाजींनी आणलेली होती.

"मी हाय ना," दाजी म्हणाले. "माझा पास हाय. उद्याच्या गाडीनं सिकंदराबाद. मेव्हण्याच्या नोकरीसाठी एवढं बी करू नये का?"

मी त्यांना आमच्यातली एक पट्टी काढून दाखवली. प्रत्येक चिपवर शेवटी सत्तर छापलेलं होतं. म्हटलं, "दाजी, बाकी काही बघू नका. हा आकडा तेवढा सत्तर पाहिजे." त्यांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली, मान डोलावली आणि गेले.

परत आले ते विजयी मुद्रेनं. आईनं पाय धुवायला पाणी दिलं, शोभानं चहा टाकला, आणि दाजींनी रुमालात बांधलेल्या चार पट्ट्या टेबलावर मांडल्या. मी वाकून पाहिलं. प्रत्येकीवर ऐंशी.

"सत्तरचा माल बी होता," दाजी म्हणाले. "मी म्हणलं, मेव्हण्याच्या नोकरीचा सवाल हाय, सत्तर कशाला? ऐंशीचा काढा. आन् गंमत अशी की त्या येड्यानं ऐंशीचा माल सत्तरपेक्षा स्वस्त दिला. सिकंदराबादेत धंदा करायलाय, पर मालाची पारख न्हाई."

इथं वाचकांना सांगून ठेवतो, कारण दाजींना सांगता आलं नाही. त्या आकड्याचा अर्थ पट्टी किती पळते असा नसतो. उत्तर द्यायला ती किती वेळ घेते, असा असतो. म्हणजे आकडा जेवढा मोठा तेवढी पट्टी मंद. दाजी बिचारे सिकंदराबादेपर्यंत जाऊन, भर उन्हात, घासाघीस करून, खास निवडून मंद पट्ट्या घेऊन आले होते.

"दाजी, पण," मी म्हणालो.

अण्णा खोकले. अण्णांना खोकला नव्हता.

"पण काय?" दाजी म्हणाले.

"पण उगीच एवढा त्रास घेतला," मी म्हणालो.

मीही मनाची समजूत घातली. सत्तर आणि ऐंशीत फरक तो केवढा? जाईल चालून. पट्ट्या बसवल्या. सकाळी मशीन असं पळालं की मला वाटलं, आपणच जास्त शिकलोय. दुपारी पत्रे तापले आणि काम अर्ध्यावर असताना पडदा काळा झाला. वरच्या कोपऱ्यात एक ओळ: पॅरिटी एरर. म्हणजे मेमरीनं सांगितलेलं आणि मशीननं ऐकलेलं जुळेना. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. संध्याकाळी जरा गार झालं की पुन्हा शहाण्यासारखं चालायचं.

मग घरात शोध सुरू झाला. ज्या कारणाचं नाव घेता येत नव्हतं ते सोडून बाकीची सगळी कारणं आम्ही तपासली. पट्ट्यांची टोकं मी खोडरबरनं घासली. पट्ट्यांच्या जागा बदलल्या, पहिलीची चौथीला, चौथीची दुसरीला. नवीन वायर आणली. अण्णांनी घरातला एकुलता एक कूलर उचलून मशीनपुढं ठेवला, आणि आम्ही सगळे ओला पंचा डोक्यावर घेऊन बाहेर लिंबाखाली. कूलरनं मशीनवर तुषार उडवले तेव्हा तो काढला आणि आईनं माठाचं ओलं फडकं पिळून खोक्यावर टाकलं. ते मी ओरडून काढलं. मग आईनं मीठ-मिरच्या घेऊन मशीनवरून काहीतरी उतरवलं. नेमके तेव्हाच अण्णा बाहेरून आले.

"बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे काय चालायलंय?" अण्णा कडाडले.

"मी कुठं देवाचं केलं?" आई म्हणाली. "लोकांच्या नजरंचं केलं. लोक बाबासायबांनी थोडेच बदलून दिलेत?"

अण्णा पाय धुवायला मागच्या दारी गेले. मशीन मात्र मिरच्यांनाही दाद देईना. तिसऱ्या बाजूनं दाजींचा निरोप आला की कुठं घासायलंय का बघा, पूर्णेहून ग्रीस पाठवतो.

शेवटी एका दुपारी, सगळे लिंबाखाली असताना, मी दाजींच्या चारही पट्ट्या काढून ठेवल्या आणि मशीन पूर्ण वेगावर सोडलं. बाहेर कावळा झाडावरून उडत नव्हता एवढं ऊन. मशीन संध्याकाळपर्यंत एकदाही थांबलं नाही. पट्ट्या पुन्हा बसवल्या, चहा व्हायच्या आत बंद. झालं. आजार कळला. पण आजाराचं नाव जावई होतं.

मी अण्णांना सगळं समजावलं. अण्णा शिक्षक माणूस, एका दमात समजले.

"दुसरा काहीच इलाज न्हाई?"

"आहे एक," मी म्हणालो. मशीनच्या आत एक सेटिंग असतं. मेमरीला काही विचारलं की प्रत्येक वेळी क्षणभर थांबायचं, असं मशीनला सांगता येतं. तेवढ्या क्षणात ऐंशीवाल्या पट्ट्या उत्तर जुळवतात. मग काही बंद पडत नाही. "पण मग आपल्या सत्तरच्या पट्ट्याही थांबतात. वेगळं वेगळं थांबायची सोय नाही. सगळं मशीन मंद होतं."

"आन् बाहेरचा आकडा?"

"तो चाळीसच दिसतो. तो नुसता दिवा आहे."

अण्णांनी चष्मा काढून तो लाल आकडा जवळून बघितला. मग म्हणाले, "लाव थांबायचं."

"अण्णा, नोकरी जाईल. शर्यतीपुरत्या काढून ठेवू. दाजींना कोण सांगणार?"

"दाजी शर्यतीला येणार हायेत. खोकं उघडा म्हणले तर? एका टोपीपायी पोरगी चार म्हैने घरी बसली. चार पट्ट्यांपायी किती बसंल, तूच सांग."

मी म्हणालो, कॉम्प्युटरचं खोकं उघडून बघायला दाजी काय वेडे आहेत? ते वाक्य हवेत असतानाच दाजी रेल्वेतले तीन मित्र घेऊन दारात हजर झाले. "उघडा हो जरा," ते मला म्हणाले, आणि खोक्यात बोट घालून मित्रांना दाखवू लागले. "ह्या चार कंपनीच्या. साध्या, सत्तरच्या. आन् ह्या आपल्या." मित्रांनी मोठ्या कौतुकानं माना हलवल्या. एकानं तर दाजींच्या चार पट्ट्यांना हात लावून नमस्कार केला. मी स्क्रू पिळले आणि त्याच संध्याकाळी मशीनला थांबायची सवय लावली.

शर्यतीच्या दिवशी मशीन गोधडीत गुंडाळून, शोभाच्या आणि आईच्या मांडीवर आडवं टाकून आम्ही जीपनं ताडकळसला पोचलो. हॉल खचाखच भरलेला. बाजाराला आलेली माणसं पिशव्या घेऊन आत घुसली होती. एका बाजूला आमचं मशीन, दुसऱ्या बाजूला भाच्याचं. भाच्याचं नाव पप्पू. त्यानं गॉगल लावला होता, हॉलच्या आत. ड्रिलच्या मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही दोघांनी बटणं दाबली.

पप्पूचं मशीन सुरुवातीलाच अडकलं. हॉलमध्ये हशा पिकला. पप्पूनं ते बंद करून पुन्हा चालू केलं, त्यात त्याचा बराच वेळ गेला. आमचं चाललं होतं. पडद्यावर मुलांची मोजणी वर वर सरकत होती. दाजी माझ्या खुर्चीमागं उभं राहून माझे खांदे दाबत होते.

"पळायलंय, पळायलंय. आपल्या ऐंशीनं बघा कसं धरलंय."

मला मात्र आतून रडू येत होतं. घरी मी खोटे गुण भरून दोन्ही तऱ्हा चालवून पाहिल्या होत्या. पूर्ण वेगात सोडलं असतं तर एव्हाना निकाल छापून माझ्या हातात असता आणि मी उठून उभा असतो. इथं ते मुंगीच्या पावलानं चाललं होतं. प्रत्येक पोराचे गुण विचारायचे, थांबायचं, लिहायचं, थांबायचं. त्यातली शंभरेक पोरं नापास होती, त्यांच्यासाठीसुद्धा थांबायचं.

"कोणचा म्होरं हाय?" कोथिंबिरीची जुडी घेतलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"आमचा," दाजी म्हणाले.

निकाल लागला. मी प्रिंटरला हुकूम सोडला. प्रिंटर करकरला, कागद वर सरकला, शाळेचं नाव उमटलं, 'अनुक्रमांक' हा शब्द उमटला, आणि लाईट गेली.

हॉलमध्ये अंधार नव्हता, दिवसच होता. पण दोन्ही मशीनचे पडदे विझले. त्या शांततेत समोरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. गिरणी फिरत होती. दारातून तिचा पट्टासुद्धा दिसत होता.

"सायेब, गिरणी चालू हाय की," दाजी म्हणाले.

"तिची फेज येगळी हाय," अध्यक्ष म्हणाले. मग ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मंडळी, दोघं बी सारखेच तयारीचे हायेत. कुस्ती बरोबरीत सुटली. आता कमिटी बसून ठरवंल." दोघांच्या गळ्यात हार पडले. हार आधीच दोन आणून ठेवलेले होते.

परतीच्या जीपमध्ये दाजीच तेवढे बोलत होते. अजून चार पट्ट्या असत्या तर, अजून जरा वेग असता तर, पुढच्या खेपेला नव्वदच्या बघतो. आणि शोभाचा बांध फुटला.

"बस करा," ती म्हणाली. "तुमच्या त्या पट्ट्यांनीच बुडवलं. ऐंशी म्हंजी मंद असती. सगळ्यांना माहीत हाय. तुमचा मान जाऊ नी म्हणून सगळं घर तोंड शिवून बसलंय."

आईनं पदर तोंडाला लावला. अण्णा खिडकीबाहेर बघू लागले. दाजींनी मला विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. दाजींना आणि शोभाला सोडायला जीप आधी पूर्णेला गेली. उतरताना दाजी जीपच्या दाराला धरून उभे राहिले.

"एक गाडी सत्तर मिंटात पोचती आन् एक ऐंशी मिंटात. एवढंच ना?" त्यांनी अण्णांना विचारलं. "मी रेल्वेत हाय, मामा. मला एवढं कळलं नसतं का? पट्ट्या काढल्या असत्या तर माझा मान गेला नसता. आता गेला." आणि शोभाला घेऊन ते चालू लागले. अण्णांना त्या दिवशी पहिल्यांदा खराखुरा खोकला आला.

कमिटी बसली आणि उठली. मग अध्यक्ष स्वतः जीप घेऊन आमच्या घरी आले. चहा नको म्हणाले, आत्ताच झालाय म्हणाले. बातमी त्यांनी गोड करून सांगितली. बरोबरी झाली होती, म्हणून गावच्या पोराला घेतलं. पण मशीन तुमचंच चांगलं, पप्पूचं नुसतं अडकतंय. तेव्हा मशीन शाळेला द्या, आणि पोराला तासावर येऊ द्या, पुढं जागा निघाली की बघू.

अध्यक्ष गेल्यावर मी म्हणालो, अण्णा, देऊ नका. अण्णा म्हणाले, "मशीन आत गेलं की त्याच्यामागं तू बी जाशील. दार कुठून उघडतंय त्येची चौकशी आपुन कशाला करायची?" आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. दार किलकिलं झालं की पाय घालायचा, मग पाय चेंगरला तरी हूं की चूं करायचं नाही. मला त्यांचा राग आला. त्यांच्याशी भांडावं असं वाटलं, पण त्यांनी तोवर मशीनवरची धूळ पुसायला घेतली होती.

मशीन न्यायला जीप यायच्या दिवशी दाजी शोभाला घेऊन आले. जीपमधल्या दिवसानंतर पहिल्यांदाच. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

"खोलू का?" त्यांनी मला विचारलं.

खोकं उघडून त्यांनी आपल्या चारही पट्ट्या एक-एक करून काढल्या आणि रुमालात बांधल्या. "शाळंला आमच्या घरचं काही जायला नको," म्हणाले. "आता त्येचं ते थांबायचं काढा. जाताना तरी एकदा पळू द्या त्याला."

मी सेटिंग बदललं आणि तोच निकाल पुन्हा लावायला घेतला. आई, अण्णा, शोभा, दाजी, सगळे मागं उभे. पत्रे तापलेले, कूलर बंद. मोजणी डोळ्यांना दिसेना इतकी भराभर वर गेली. आईनं चहाला आधण ठेवलं होतं, त्याला उकळी फुटायच्या आत प्रिंटर करकरायला लागला आणि पानामागून पान बाहेर पडलं.  अण्णांनी पहिलं पान हातात घेतलं, चष्मा पुसला, आणि वरपासून खालपर्यंत सगळी नावं वाचली, जणू त्यात कुठंतरी माझं असेल. मग दाजींनी आईकडं पाणी मागितलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

शाळेत उद्घाटनाचा समारंभ मोठा झाला. मशीनला झेंडूचा हार, पप्पूला फेटा. पप्पूनं बटण दाबलं, आणि पाहुण्यांचा सत्कार संपायच्या आत निकाल लागून, छापून, टेबलावर. अध्यक्ष माइककडं धावलेच.

"मंडळी, हेच मशीन मास्तरांच्या घरी रांगत होतं. शर्यतीत तुमी सगळ्यांनी बघितलंय. आमच्या पोराचा हात लागला आन् बघा कसं पळायलंय. शेवटी गुण मशीनचा नसतो, माणसाचा असतो."

टाळ्यांचा कडकडाट. दाजी उठायला लागले तेव्हा शोभानं त्यांचा शर्ट धरला. अण्णा तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवत नाही तो माणूस त्या हॉलमध्ये उठून दिसला असता. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मीही त्यांच्याकडं बघितलं नाही.

मग सूत्रसंचालकांनी माझं नाव पुकारलं. तासावरच्या माणसाला पहिलं काम मिळालं होतं, आभारप्रदर्शनाचं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. गिरणी, फेज, पट्ट्या, न विचारलेलं पाणी, सगळं. मी माइकसमोर उभा राहिलो आणि अध्यक्षांचे, कमिटीचे, पप्पूचे, पाहुण्यांचे, मांडववाल्याचे आणि हारवाल्याचे आभार एका दमात मानून टाकले. कुठं अडलो नाही, कुठं थांबलो नाही, लोकांचे पाय चपलांपर्यंत पोचायच्या आत मी खुर्चीवर परत होतो. माझ्या उभ्या आयुष्यात मी माझ्या पूर्ण वेगानं चाललो तो तेवढाच एकदा, आणि तोही त्यांचे आभार मानताना!